धागे फिरत नाहीत

पत्र कार्डावर होतं, म्हणून ते शेषरावच्या हाती पडण्याआधी शाळेतल्या तिघांनी वाचलं होतं. शिपायानं वाचलं, हेडक्लार्कनं वाचलं आणि ड्रॉइंगच्या मास्तरांनी तर मोठ्यानं वाचलं. मधल्या सुट्टीत हातावरचा खडू झटकत शेषराव सिरसाट, बी.एस्सी., शिक्षकांच्या खोलीत आला तेव्हा मास्तरांनी ते कार्ड लांबूनच हलवून दाखवलं. "सिरसाट सर, अमरावतीले तुमचे धागे फिरून नाई राहिले म्हनते. काय भानगड हाये?" सगळे हसले. शेषरावही हसला, कारण अकोल्याच्या त्या शाळेत हसणाऱ्यांत हसून टाकायचं हे त्यानं पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. मग तो खिडकीशी गेला आणि कार्ड वाचलं. 'चि. शेषराव यांस आशीर्वाद. धागे फिरत नाहीत. येत्या शनिवारी दुपारी दिल्लीहून दोन पाहुणे प्रयोग बघण्यास येत आहेत. हातची कामे ठेवून सकाळीच ये. म. देऊळगावकर.' एवढंच. चार वर्षांत एक ओळ नाही, आणि आता चिरंजीव! शेषरावनं कार्ड दुमडलं, सदऱ्याच्या खिशात घातलं आणि त्याला आनंद झाला. साधासुधा नाही, कुणाच्या घरी चोरी झाल्याचं ऐकून शेजाऱ्याला होतो तसा, ज्याची आपली आपल्यालाच लाज वाटावी असा. पुढच्या तासाला त्यानं नववीला तरफेचे तीन प्रकार शिकवले, फळ्यावर आडकित्ता काढला, मुलांनी वहीत उतरवून घेतला, आणि सगळा वेळ त्याच्या डोक्यात एकच वाक्य टिपरीसारखं वाजत होतं. धागे फिरत नाहीत. फिरणारच नाहीत. ते का फिरत नाहीत हे दुनियेत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो इथे आडकित्ता काढत होता.

संध्याकाळी जठारपेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत त्यानं कार्ड वच्छलाच्या पुढ्यात टाकलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. ती सातवी शिकलेली होती आणि लग्नानंतर पहिल्या सहा महिन्यांत तिनं नवऱ्याच्या तोंडून देऊळगावकर हे नाव इतक्यांदा ऐकलं होतं की सासरच्या माणसांत ती त्याचीही मोजदाद करायची. "अन् तुमी जाऊन राहिले?" तिनं विचारलं. "जातो." "कावून? त्यानं तुमाले पुसलं होतं का, पेपर छापला तवा? आता अडलं त चिरंजीव." "म्हनूनच जातो. त्याचं अडलेलं तोंड पाहाले जातो." "पाहून काय करसान?" शेषरावनं फळीकडे पाहिलं. "काहीच नाही करीन. तो म्हनंन ते सारं करीन, अन् जे कराले पाह्यजे ते तेवढं नाही करीन." वच्छलानं एक खडा बाजूला टाकला. "इतक्या दूर जाऊन काहीच नाही कराचं! घरी बसूनबी जमलं असतं," ती म्हणाली. बायको एका वाक्यात माणसाला उघडं पाडते. तो उठला. त्यानं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि आतून आईचं मेण बाहेर काढलं.

ते लिंबाएवढं मेण होतं, काळपट पिवळं, आणि त्याच्यावर आडवेतिडवे चर पडलेले होते. पंचफुलाबाईनं वीस वर्षं त्यावरून दोरा ओढला होता. ती अकोटच्या जिनात सरकीपासून निघालेली रुई उचलायची, आणि जिन बंद असायचा तेव्हा लोकांच्या गोधड्या शिवायची. सुईत दोरा ओवला की आधी तो मेणावरून दोनदा ओढायचा, मग शिवायला घ्यायचा. "मेन नाई लावलं त दोरा गुतते," ती म्हणायची, "अन् गुतलेल्या दोऱ्यावर राग काढून काई होत नाई." आई मरून सात वर्षं झाली. तिच्या वस्तूंपैकी त्यानं मेणाचा गोळा तेवढा ठेवून घेतला. जिनातल्या त्या लांब खोलीत रुई उडायची आणि भिंतीत वर ठेवलेल्या झरोक्यांतून उन्हाचे पट्टे यायचे. त्या पट्ट्यांत एकेक तंतू वर जायचा, वाकायचा, सरळ व्हायचा, गिरकी घ्यायचा, आणि बायांच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यांवर जाऊन बसायचा. शेषराव आईची भाकर घेऊन जायचा आणि दारातच उभा राहायचा. हवा दिसत नाही, पण तंतू तिचा चुगलखोर आहे, हे त्याला तेव्हाच कळलं होतं, फक्त त्याला शब्द नव्हते. आत्ता शब्द होते, दोन बायकांएवढे भांडखोर शब्द होते, पण ते बोलायची सोय नव्हती. त्यानं कापसाचे बारीक वळलेले धागे घेतले, ते मेणावरून ओढले, अर्धा इंच, एक इंच, दोन इंच असे चार चार कापले, प्रत्येकाचं एक टोक निळीत बुडवलं आणि बारा धागे रिकाम्या काडीपेटीत ठेवले. काहीच करायचं नाही म्हणणाऱ्या माणसाला बारा धागे कशाला लागतात, हे त्यानं स्वतःला विचारलं. कुलूप उघडायचं नाही, पण किल्ली खिशात असलेली बरी, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला पटलंही.

शनिवारी पहाटेची लाल गाडी. डिसेंबर संपत आला होता, सन त्रेसष्ट, आणि मूर्तिजापूरच्या रस्त्यावर कापसानं भरलेल्या बंड्यांची, बैलगाड्यांची, रांग लागलेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी बंड्यांना खेटतात, त्यामुळे या दिवसांत प्रत्येक काट्याला पांढरं बोंड फुटल्यासारखं दिसतं. एक पुंजका सुटून गाडीच्या खिडकीतून आत आला, पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या पटक्यावरून गेला, मागे वळला, शेषरावच्या नाकासमोर थांबला आणि काचेच्या फटीतून बाहेर गेला. मापाचा भोवरा मिळाला, शेषराव मनाशी म्हणाला. चार वर्षं झाली तरी ही सवय गेली नव्हती. चहात काडी पडली तरी तो चमचा ढवळून बघत राहायचा आणि वच्छला म्हणायची, चहा निवला. बी.एस्सी. झाल्यावर सत्तावन्न साली अमरावतीच्या कॉलेजात त्याला डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली, ती देऊळगावकरांनीच दिली. हे खरं आहे आणि ते त्याला कधीच नाकारता आलं नाही. नाकारता आलं असतं तर राग धरणं किती सोपं झालं असतं. आदल्या वर्षी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, आणि मुलाखतीच्या वेळी समितीतल्या एकानं अर्जातल्या 'बौद्ध' या शब्दावर बोट ठेवून खाकरून पाहिलं तेव्हा देऊळगावकर म्हणाले होते, "मला हात चालणारा माणूस हवाय. याचे हात चालतात." हात चालतात! त्या दिवशी ते शेषरावला शाबासकीसारखं वाटलं होतं. डोकं चालतं, असं ते म्हणाले नव्हते, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एक काचेची लांब पन्हळ होती, बारा फुटांची. एका टोकाला पंप, त्याच्यापुढे तारेची जाळी. पाणी जाळीतून दामटलं की पलीकडे त्याचा नुसता गोंधळ व्हायचा. मोठे भोवरे, त्यांच्या पोटात लहान, त्यांच्या पोटात आणखी लहान. ते मोजायला परदेशात नाजूक यंत्रं होती, इथे एक होतं ते बिघडलेलं होतं. देऊळगावकर ते दुरुस्त करून आणायला मुंबईला पत्रं लिहीत बसले आणि शेषराव पन्हळीपाशी बसला. त्यानं पाण्यात एक धागा सोडला. का सोडला? झरोक्यातलं ऊन आठवलं म्हणून. धागा सोडण्याआधी त्यानं तो आईच्या मेणावरून ओढला, कारण आपल्याकडे दोरा असाच हाती घेतात. तीन महिन्यांत त्याला कळलं ते असं, की धागा आपल्या लांबीएवढ्या भोवऱ्याचंच ऐकतो. मोठा भोवरा त्याला सबंध उचलून नेतो, लहान भोवरे त्याला नुसते चिमटे काढतात, पण गरकन फिरवतो तो त्याच्याच मापाचा. अर्धा इंची धागा भरभर फिरतो, दोन इंची सावकाश, आणि दोघांच्या फेऱ्या मोजल्या की कुठल्या मापाचा भोवरा किती वेगाचा हे कळतं. यंत्र नको, मुंबई नको. दोन आण्यांचा दोरा आणि एक स्टॉपवॉच. दोन वर्षं तो कंबर मोडेपर्यंत निळ्या टोकाच्या फेऱ्या मोजत राहिला. जाड पुठ्ठ्याच्या वहीत सगळं लिहिलं. पाण्याचं तापमान लिहिलं, जाळीची भोकं लिहिली, धाग्याची जाडी लिहिली. मेण लिहिलं नाही. त्यात लपवाछपवी नव्हती. जेवायला बसण्याआधी हात धुतले असं कुणी लिहितं का? पण बिनमेणाचा धागा पाण्यात भिजला की मढ्यासारखा लोळागोळा होतो, लहान भोवरे त्याची गुंडाळी करून टाकतात, आणि मग तो कुणाचंच ऐकत नाही. मेणानं तो वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. सगळी गोम त्या वाकून सरळ होण्यात होती.

वही द्यायला तो देऊळगावकरांच्या घरी गेला तो रविवार त्याला घडीघडी आठवायचा. सरांनी व्हरांड्यातच उभ्या उभ्या वही चाळली, डोळे मोठे केले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर हात ठेवला हेही खरंच. "शेषराव, अरे हे आपण लिहू! आपण छापू!" आतून बाई चहा घेऊन आल्या. सरांचा चहा कपबशीतून आला, त्याचा बिनदांडीच्या कपात, आणि तो पिऊन झाल्यावर बाई म्हणाल्या, "नळ तिकडे आहे बरं का," अगदी गोड आवाजात. त्यानं कप विसळला आणि खिडकीच्या कोनाड्यात पालथा ठेवला. तिथे त्याची जागा आधीपासून ठरलेली होती, कारण कोनाड्याच्या धुळीत गोल उमटलेला होता. तो गोल पाहून शेषरावला राग आला नाही. 'आपण' या शब्दानं तो इतका भरून आला होता की त्या दिवशी कुणी त्याला अंगण झाडायला सांगितलं असतं तरी त्यानं झाडलं असतं. त्याच वर्षाअखेर त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. सर म्हणाले, माझ्या हातात नव्हतं. आणि एकसष्ट साली अकोल्याच्या वाचनालयात त्याला ते छापलेलं सापडलं. अकरा पानं. आकृत्या त्याच्या, आकडे त्याचे, एका आकृतीत त्याच्याकडून चुकून राहिलेला ठिपकासुद्धा तसाच. वर एक नाव, आणि शेवटी बारीक टायपात एक ओळ: प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळाचे आभार. त्याला गावकुसानं, भुकेनं, वर्गातल्या शेवटच्या बाकानं काही केलं नव्हतं असं नाही, पण त्या गोष्टी त्याला सबंध उचलून कुठल्या कुठे नेत होत्या. गरकन फिरवलं ते या एका ओळीनं. ती त्याच्या मापाची होती.

त्या दिवसापासून त्यानं एक वाक्य पाळलं होतं. लोक पोपट पाळतात तसं. बडनेऱ्याचा फाटा आला तेव्हाही तो तेच म्हणत होता, ओठ न हलवता. 'हे सगळं काम शेषराव सिरसाटचं आहे.' हे वाक्य देऊळगावकर चारचौघांत म्हणतात, थांबून, मान खाली घालून, असं त्यानं किती वेळा ऐकलं होतं याची गणती नाही. कधी ते म्हणताना रडत असत, कधी त्यांची नोकरी गेलेली असे, एकदा तर शेषरावनं त्यांना बिनदांडीच्या कपात चहा दिला होता. बदला बदला म्हणून माणसं कुऱ्हाडी घेऊन धावतात. शेषरावला कुऱ्हाड नको होती. त्याला एक वाक्य हवं होतं, आणि ते मिळत नसेल तर निदान दिल्लीच्या पाहुण्यांसमोर त्या माणसाची फजिती.

कॉलेजात शिरला तर डोमाजी, प्रयोगशाळेचा जुना शिपाई, पायरीवरच बसलेला. "आले का सिरसाट सायब! सर त सकाळपासून दारातच हायेत. आठ दिस झाले, जेवन नाई त्याईले. दिल्लीवाले खूश झाले त सरांले तिकडं नेतीन म्हनते, मोठ्या लॅबवर. नाई त मग इथंच रिटायर." देऊळगावकर खरंच दारात होते. चार वर्षांत दहानं म्हातारे झालेले, कॉलर ढिली, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. दोऱ्यानं! शेषरावला हसू आलं. "आलास? मला वाटलंच होतं तू येशील. तू तसा मनाचा चांगला आहेस," सर म्हणाले, आणि माठाशी गेले, स्वतःच्या ग्लासात पाणी घेतलं आणि तो ग्लास त्याच्या हातात दिला. "उन्हातून आलायस, पाणी पी." शेषराव ग्लास धरून उभा राहिला. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. तो पिऊन झाल्यावर सरांनी ग्लास परत घेतला, न विसळता पुन्हा भरला आणि स्वतः प्यायले. ते उपकार म्हणून करत नव्हते. त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना धाग्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी हा ग्लास मिळाला असता तर मी या माणसासाठी पन्हळीत बुडून मेलो असतो, शेषरावला वाटलं. आणि मग त्याला वाटलं, आता अडलाय, म्हणून पाजतोय. हे दुसरं जास्त सोयीचं होतं. त्यानं तेच धरून ठेवलं.

मग त्यानं सगळं केलं. पन्हळ घासली, पंपाचा वॉशर बदलला, जाळीत अडकलेला कचरा ब्रशानं काढला, पाणी ताजं भरलं. सर मागे मागे होते आणि बोलत होते. "बघ, तुझ्या वहीप्रमाणेच सगळं केलंय. जाडी तीच, लांबी तीच. माझ्या हातून काय चुकतंय?" तुझ्या वहीप्रमाणे, म्हणाले. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, तेव्हा ते म्हणायला काय जातं? सरांनी चिमट्यानं एक धागा उचलून पाण्यात सोडला. ते नेहमी चिमट्यानंच उचलायचे, धाग्याला बोट लावत नसत. धागा चार बोटं गेला, आक्रसला आणि त्याची गुंडाळी झाली. "असं होतं. प्रत्येक वेळी असंच होतं. तुझ्या वेळी काय वेगळं होतं, आठव बरं." शेषरावनं विचार केल्यासारखं केलं. खिशातली काडीपेटी मांडीला लागत होती. "काई नाई सर. सारं असंच होतं," तो म्हणाला. आपला आवाज इतका सरळ निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दिल्लीचे दोघे तीन वाजता आले. एक उंच, शांत, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेला. दुसरा तरुण, त्याच्या हातात वही. उंच पाहुण्यांनी देऊळगावकरांचा पेपर नीट वाचलेला होता, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. ते धागा-भोवऱ्याबद्दल बोलू लागले तेव्हा शेषरावच्या अंगावर काटा आला. परक्या माणसाच्या तोंडून तो आपलंच मन ऐकत होता. हा माणूस समजला होता. बारा फुटी पन्हळीपाशी बसून जे आपल्याला वाटलं ते या माणसाला दिल्लीत बसून, नुसतं कागदावरून वाटलं होतं. "इतनी सीधी बात है, और किसी को सूझी नहीं," ते म्हणाले आणि पन्हळीशी वाकले. डोमाजीनं पंप सुरू केला. सरांनी चिमट्यानं पहिला धागा सोडला. गुंडाळी. दुसरा सोडला. गुंडाळी. दोन इंची सोडला, तो मधोमध मोडून जाळ्यासारखा लोंबला. सरांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला. दहावा धागा, अकरावा. तरुण पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. शेषराव भिंतीशी उभा राहून बघत होता आणि मनात एकेक गुंडाळी मोजत होता. घे, तो म्हणत होता, घे अकरा पानं, घे कर्मचाऱ्यांचे आभार. सरांनी बाराव्यांदा चिमटा पाण्यात घातला तेव्हा त्याला वाटलं, याच्यासाठी आणखी चार वर्षं थांबलो असतो तरी चाललं असतं.

उंच पाहुण्यांनी शेवटी पाठ सरळ केली. ते रागावले नाहीत. "प्रोफेसर साहब, ये रीडिंग्ज आपने खुद ली थीं?" त्यांनी विचारलं. देऊळगावकरांनी चिमटा टेबलावर ठेवला. ते थांबले. त्यांची मान खाली गेली. आणि मग ते हळू, अगदी स्पष्ट बोलले. "जी नहीं. मैंने नोटबुक पर भरोसा किया. मी स्वतः कधी पाहिलंच नाही." त्यांनी भिंतीकडे हात केला. "हे सगळं काम शेषराव सिरसाटचं आहे."

शब्द न् शब्द तेच. थांबणं तेच, मान तीच. शेषरावला क्षणभर कळेना की हे सर बोलले की आपल्या डोक्यातला पोपट बोलला. सगळे त्याच्याकडे बघत होते. तरुण पाहुण्यानं वही उघडली. "नाम क्या बताया? सिर...?" "सिरसाट," शेषराव म्हणाला. "शेषराव पुंजाजी सिरसाट." ते त्यानं अक्षर अक्षर सांगितलं, तरुणानं लिहून घेतलं आणि पुढे आणखी काही लिहिलं, ते शेषरावला उलटं असूनही वाचता आलं. निरीक्षण अविश्वसनीय. त्याचा हात खिशात गेला. काडीपेटी बोटाला लागली. आत्ता काढायची, बारा धागे पाण्यात टाकायचे, की ते फिरतील, नाव लिहिलेलंच आहे, उंच पाहुणे पुन्हा वाकतील, आणि सगळं जगाच्या समोर खरं होईल. पण सरही त्याच्याकडे बघत होते, चष्म्याच्या वरून, आशेनं, बुडता माणूस काडीकडे बघतो तसं. त्या नजरेनं घात केला. या माणसाला मी तारू? याला दिल्लीला पाठवू? दोन वर्षं त्यानं हाताला एकच गोष्ट शिकवली होती, उघडायचं नाही. हात शिकवलेलंच करतो. तो खिशातच राहिला. "ऐसा होता है," उंच पाहुणे म्हणाले, शेषरावला, मायेनं. "कम उमर में आदमी जो देखना चाहता है, वही देख लेता है." तरुणानं वही मिटली.

सर पाहुण्यांना जीपपर्यंत पोहोचवायला गेले. डोमाजीही चहाचा ट्रे घेऊन मागे गेला. खोलीत पंपाचा आवाज तेवढा राहिला. शेषराव पन्हळीशी आला. मी पाहिलं ते मला पाहायचं होतं म्हणून पाहिलं? दोन वर्षं? त्यानं काडीपेटी काढली आणि सगळेच्या सगळे बारा धागे बोटांनी पाण्यात सोडले, कुणाला दाखवायला नाही, नुसतं स्वतःला. ते जाळीपलीकडच्या गोंधळात शिरले. वाकले, सरळ झाले. अर्धा इंची भरभर फिरू लागले, निळी टोकं ठिपक्यांसारखी. इंची त्यांच्या मागून. आणि दोन इंची सावकाश, म्हाताऱ्या बाईनं फुगडी घालावी तसे. सगळं जिथल्या तिथं होतं. अकोटच्या झरोक्यापासून आजपर्यंत एक फेरीही खोटी नव्हती.

"फिरतायत," कुणीतरी मागून म्हणालं. देऊळगावकर टेबलावर राहिलेला पेपर न्यायला परत आले होते. ते पन्हळीशी आले आणि गुडघ्यांवर बसले, काचेला नाक लावून. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं होतं, दिल्ली, पाहुणे, फजिती. "अरे, फिरतायत! अगदी लिहिलंयस तसे! शेषराव, अरे, किती सुंदर दिसतं हे!" ते खरोखर हसत होते. ज्या गोष्टीवर त्यांचं नाव छापलेलं होतं ती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मग हसू ओसरलं, आणि त्यांची नजर उघड्या काडीपेटीवर गेली, आणि त्यांना कळलं. सकाळपासूनचं सगळं कळलं. ते काचेला धरून उठले. "काय लावलंयस?" त्यांनी विचारलं. मग, आणखी हळू, "जीप गेली. पण मी पत्र लिहीन, तुझं नाव घालून लिहीन, पहिलं तुझं. फक्त सांग, धाग्याला काय लावतोस?"

शेषरावनं पंप बंद केला. पाणी थांबलं आणि धागे तळाशी गेले. त्यानं ते बोटांनी एकेक वेचून काडीपेटीत ठेवले. "तुमच्या पेपरात असंल ना, सर," तो म्हणाला. अकरा सापडले. बारावा सापडला नाही. तो दारातून बाहेर पडला तेव्हा सर चिमटा घेऊन तळ धुंडाळत होते. सापडला असता तरी त्यांना काही दिसलं नसतं. मेण डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं.

वच्छलानं दार उघडलं तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, वाक्यही सांगितलं, वहीत काय लिहिलं तेही. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. "म्हंजे त्याचं नाक कापलं," ती म्हणाली. "हाव." "अन् तुमचं नाव लिवलं, पन खोटं म्हून लिवलं." "हाव." तिनं तवा उतरवला. "मंग आता तुमचं खरं हाये, हे दुनियेत कोनाले ठावं हाये?"

शेषरावनं काडीपेटी फळीवरच्या डब्यात, मेणाशेजारी ठेवली. झाकण लावायला त्याला जरा वेळ लागला.

"त्याले," तो म्हणाला. "एकट्या त्याले."